बल आणि ऊर्जा : फरक स्पष्ट करा

कुमुद, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, सरोजबाईंना दुःख अनावर झालं. झालं होतंच, पण न बोलण्याचं कारण ते नव्हे. समोर तुझा हार घातलेला फोटो, फोटोमागे हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स, आणि त्यावर तुझ्या नावाखाली ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं, 'आमची ऊर्जा, आमची शक्ती, आमचे बल हरपले.' ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले असते तर श्रद्धांजली बाजूला राहिली असती आणि मी फ्लेक्स तपासायला घेतला असता.

शिवाय 'भावपूर्ण'मधला पू ऱ्हस्व होता. तो तुझा प्रांत, म्हणून मी सोडून दिला.

फ्लेक्स कुणी करून आणला माहितेय? आपल्या दीपकने. कळव्याच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा तो. आता शीळफाट्याला त्याचं बोर्ड आणि बॅनरचं दुकान आहे, पोट सुटलंय, डोक्यावर केस उरलेले नाहीत, पण रडत होता तो अगदी नववीत रडायचा तसाच, शर्टाच्या बाहीला नाक पुसत. मी त्याला चपलांपाशी गाठलं आणि विचारलं, हे तीन शब्द एका ओळीत घालायला तुला कुणी सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तिन्ही समानार्थीच आहेत ना. कुमुदबाईंनीच शिकवलेलं." तू गेल्यावरही तूच वरचढ, आणि तेही भर सभेत. मी माझ्या खुर्चीवर येऊन बसले.

आपली गाठ पडली तीच मुळी या शब्दांवरून. मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला नवीन होते, तू मराठीची जुनी बाई. नववीच्या वर्गावर पहिला तास तुझा, चौथा माझा. मी चाचणीत साधासुधा प्रश्न घातला होता, बल आणि ऊर्जा यांतील फरक स्पष्ट करा. दीपकने एका ओळीत उत्तर लिहिलं, 'फरक नाही, दोन्ही समानार्थी शब्द आहेत.' मी शून्य दिलं. तर हा पोरगा तू तपासलेली वही घेऊन माझ्यासमोर उभा. वहीत लिहिलेलं, शक्ती म्हणजे बल, जोर, ताकद, सामर्थ्य, ऊर्जा, आणि त्यापुढे तुझ्या हाताची भलीमोठी लाल बरोबरची खूण. म्हणजे पहिल्या तासाला ज्याला पैकीच्या पैकी, त्यालाच चौथ्या तासाला भोपळा. पोरानं करायचं काय?

मी वही घेऊन तरातरा स्टाफरूममध्ये आले. तू डबा उघडून बसली होतीस. मला म्हणालीस, बसा बाई, थालीपीठ घ्या. मी थालीपीठ खायला आले नव्हते. मी तुला समजावून सांगितलं की बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, ते लावावं लागतं. ऊर्जा म्हणजे कार्य करायची क्षमता, ती वस्तूकडे असते, साठवता येते. बल साठवून ठेवता येत नाही. तू शांतपणे घास संपवलास आणि विचारलंस, "बल साठवता येत नाही, तर पहिलवान काय साठवतो?" मी म्हटलं, ऊर्जा. त्यावर तू म्हणालीस, "मग त्याला ऊर्जावान का नाही म्हणत? बलवान का म्हणतात?"

बलवान, बलदंड, बलाढ्य, दुर्बल, तू बोटांवर मोजत एकेक शब्द माझ्यासमोर ठेवत गेलीस आणि प्रत्येक शब्द असंच म्हणत होता की बल माणसाकडे असतं. मी म्हटलं, भाषा चुकते. स्टाफरूममधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तू डब्याचं झाकण लावलंस आणि म्हणालीस की बल हा शब्द तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात होता, तुम्ही तो उचलून नेलात, अर्थ बदललात आणि आता मूळ मालकालाच चोर ठरवताय. एवढंच होतं तर नवा शब्द घडवायचा होता. मी तेव्हापासून तुझ्याशी भांडतेय. आणि दीपकच्या शून्याचं पुढे काय झालं? तू मुख्याध्यापिकांकडे जाऊन त्याला अर्धा गुण मिळवून दिलास. कशासाठी, तर 'दोन्ही' हा शब्द त्याने शुद्ध लिहिला म्हणून.

अर्ध्या गुणासाठी भांडायची तुझी ती खोड शेवटपर्यंत गेली नाही. माझ्या पेपरातले गुण तू दुसऱ्यांच्या पोरांसाठी मागायला यायचीस, आणि मिळाल्याशिवाय हलायची नाहीस.

खरं सांगू का, शक्ती या शब्दाने मला सर्वांत जास्त छळलं. तू कायम 'गुरुत्वाकर्षण शक्ती' म्हणायचीस. मी दर वेळी सांगायचे, शक्ती नव्हे, बल. शक्ती म्हणजे कार्य किती वेगाने होतं ते. तू एकदा म्हणालीस की तुमचे शास्त्रवालेच अणुशक्ती म्हणतात, तिथे ती ऊर्जा असते. अश्वशक्ती म्हणतात, तिथे ती शक्तीच असते. आणि मी गुरुत्वाकर्षण शक्ती म्हटलं की लगेच ते बल होतं. एकाच शब्दाला तीन घरं तुम्हीच दिलीत, आणि दारात मला अडवताय. याला मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही, कारण याला उत्तर नाही. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तू हा मुद्दा जपून ठेवायचीस आणि मी जिंकत आले की बाहेर काढायचीस.

तरीही, कुमुद, समानार्थी म्हणजे सारखे नव्हेत एवढं तरी कबूल करायचं होतंस. एकदा. मोठ्याने. मला तेवढंच हवं होतं. गुण नकोत, सत्कार नको, तू माझ्याकडे बघून म्हणायला हवं होतंस की सरोज, बल वेगळं आणि ऊर्जा वेगळी. निवृत्त झाल्यावर तुझ्या नौपाड्याच्या घरात आपण मराठी माध्यमाच्या मुलांचा शनिवारचा वर्ग सुरू केला, तेव्हा मला वाटलं होतं, आता एकाच खोलीत शिकवायचं म्हटल्यावर ही सुधारेल. कसली सुधारतेस. माझा तास संपला की तू खडू हातात घ्यायचीस आणि फळ्यावर पहिला शब्द लिहायचीस शक्ती. मुद्दाम. माझ्याकडे न बघता.

तो भाजीचा दिवस आठवतो का? स्टेशनजवळून भाजी घेऊन आपण तुझ्या घरी निघालो होतो. दोन्ही पिशव्या तुझ्याकडे, कारण माझा खांदा दुखत होता. वाटेत तू म्हणालीस, केवढं काम पडतं बाई या पिशव्यांचं. माझ्या तोंडून निघून गेलं की सपाट रस्त्यावर चालताना तू पिशवीवर काहीच कार्य करत नाहीस. तुझं बल वरच्या दिशेने, पिशवीचं विस्थापन, म्हणजे सरकणं, पुढे, त्यामुळे कार्य शून्य. तू भर रस्त्यात थांबलीस, पिशव्या खाली ठेवल्यास आणि म्हणालीस, "शून्य ना? मग तू घे." मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यालाही तू हात करून थांबायला लावलंस आणि मला म्हणालीस, माझा खांदा काय खोटं बोलतो का?

मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, तुला सांगितलं की खांदा खोटं बोलत नाही. स्नायू ताणलेला ठेवायला शरीर आतल्या आत ऊर्जा जाळतं, म्हणून तू थकतेस. पण त्यातली ऊर्जा पिशवीला मिळत नाही. तीच पिशवी खुंटीला टांगली तर खुंटी तेवढंच बल लावते आणि तिला ना घाम येतो ना भूक लागते. बल लावणं वेगळं, ऊर्जा देणं वेगळं. यापेक्षा सोपं कुणी कसं सांगावं? तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, म्हणजे इतकी वर्षं मी घरात खुंटी होते. मग हसत सुटलीस. मला हसू आलं नाही. मी एक चांगलं उदाहरण दिलं होतं आणि तू त्याचा संसार केलास.

पुढे तुझे तीन जिने. लिफ्ट नाही. आता कार्य होतंय का, तू प्रत्येक मजल्यावर विचारत होतीस. होतंय, मी सांगत होते. वर पोचल्यावर तू दार उघडणाऱ्या वसंतरावांना सांगितलंस की आज आपल्याकडे कार्य आहे, सरोजने मुहूर्त काढलाय. तुझे यजमान बिचारे माझ्याकडे बघत राहिले. कार्य म्हटलं की तुला लग्नच आठवायचं. मी कपाळावर हात मारला आणि चहा मागितला.

तुझ्यावर मी एवढी चिडते, पण एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही, ती इथे लिहिते. आमचे हे गेले तेव्हाची. मी डोंबिवलीच्या घरात खिडकीजवळ बसून असायचे. लोक यायचे, धीर धरा म्हणायचे, जायचे. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, मुलगा घाबरला होता. तू रोज ठाण्याहून यायचीस. मला एकदाही धीर धर म्हणाली नाहीस. स्वयंपाकघरात खुडबुड करायचीस, भात टाकायचीस, निघून जायचीस. एक दिवस तुझ्या हातून चहाचा कप माझ्यासमोर फरशीवर पडला. आता मला वाटतं, तो पडला नाही, तू सोडलास. फरशीवरचा चहा बघत तू म्हणालीस, "काय ही गुरुत्वाकर्षण शक्ती." आणि मी म्हणाले, "शक्ती नव्हे, बल."

किती दिवसांनी मी बोलले होते. मुलगा आतून धावत आला. तू खाली बसून फरशी पुसत होतीस आणि मान वर न करता म्हणालीस, नाही, शक्तीच. मग मी तासभर भांडले तुझ्याशी. भांडता भांडता रडले. रडून झाल्यावर तू वाढलेला भात खाल्ला. तू मला कुठून बाहेर काढलंस ते मला माहीत आहे, कुमुद. पण त्यासाठी चुकीचाच शब्द वापरलास, हेही माझ्या लक्षात आहे.

मग तुझं हृदय थकलं. डॉक्टर अशक्तपणा म्हणाले आणि तू डोळे मिचकावत मला विचारलंस, अशक्तपणा म्हणजे तुझ्या भाषेत काय गं, बल नाही की ऊर्जा नाही? मी म्हटलं, पड गप्प. खरं उत्तर मला माहीत होतं. शक्ती म्हणजे कामाचा वेग. अशक्त माणूस जिना चढतो तेव्हा कार्य तेवढंच होतं, फक्त वेळ जास्त लागतो. तुझ्याबाबतीत तो शब्द पहिल्यांदाच अगदी बरोबर बसला होता, आणि मला तो बरोबर बसायला नको होता. तू एकेक पायरीवर थांबायला लागलीस, नंतर खालीच उतरेनाशी झालीस, नंतर आतल्या खोलीतल्या पलंगावरून उठेनाशी झालीस. वर्ग मात्र बंद करू दिला नाहीस. पोरं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, मधलं दार उघडं, आणि तू पलंगावरून ऐकत. मी काही शिकवत असले की आतून आवाज यायचा, अहो बाई, वाक्य फार लांब झालं.

एका दुपारी मुलं गेल्यावर मी तुझ्याजवळ बसले होते. तू म्हणालीस, एक विचारते, पण चिडू नकोस. मी लगेच चिडले. तू विचारलंस, ऊर्जा माझ्याकडे असते म्हणतेस ना? मग बल कुणाकडे असतं? मी म्हटलं, बल कुणाकडेच नसतं. ते दोन वस्तूंच्या मध्ये घडतं. एकटी वस्तू कुणाला ढकलणार? आणि तू भिंत ढकललीस की भिंतही तुला तेवढंच ढकलते. तू छताकडे बघत होतीस. बलवानाचं काय करायचं याचा विचार करत असशील असं मला वाटलं. मग म्हणालीस, "म्हणजे भांडणासारखं. राग एकटीच्या पोटात राहतो, ती झाली ऊर्जा. भांडणाला मात्र दुसरी लागते. ते बल."

मी तुला सांगितलं की हे उदाहरण चुकीचं आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. तुझा राग चहा उकळेपर्यंत निवतो, तो कुठे जातो सांग. बलाला दिशा असते. तू म्हणालीस, भांडणालाही असते, कायम माझ्याकडे येतं. मी म्हटलं, मनाचे खेळ आणि भौतिकशास्त्र यांची गल्लत करू नकोस, आधीच पोरांच्या डोक्यात गोंधळ कमी नाही, हे त्यांना अजिबात सांगू नकोस. तू म्हणालीस, बरं.

तुझ्या त्या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता. आयुष्यात तू ज्या ज्या गोष्टीला बरं म्हणालीस, तिच्या नेमकी उलट केलीस.

त्यानंतरच्या शनिवारी मला पुतणीच्या लग्नासाठी साताऱ्याला जायचं होतं. मी म्हटलं, वर्गाला सुट्टी देऊ. तू म्हणालीस, देऊ की. सोमवारी परत आले, फोन केला, तर तू म्हणालीस की मुलं आलेली, मी पलंगाभोवती बसवून शिकवलं. काय शिकवलंस विचारलं, तर म्हणालीस, समानार्थी शब्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रवासाचा शीण होता, लग्नात झोप नव्हती, आणि आल्या आल्या हे. मी म्हटलं, सांगून सांगून थकले मी, आता शनिवारी येऊन तूच केलेला गोंधळ निस्तरते. तू हसत होतीस. धाप लागत होती तरी हसत होतीस. म्हणालीस, "ये. वाट बघते."

गुरुवारी सकाळी वसंतरावांचा फोन आला.

त्या दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. एवढंच सांगते की पुढे वसंतरावांनी फोनवर कळवलं, मंगळवारी कार्य आहे, सकाळी लवकर या, आणि मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. दिवसांनाही आपण कार्यच म्हणतो हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तुझ्या नक्की आलं असतं. तू विचारलं असतंस, विस्थापन किती? आणि मी तुला गप्प बस म्हटलं असतं. पानात तुझ्या आवडीची अळूची भाजी होती. ती बेचव झाली होती, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

वसंतरावच म्हणाले, मुलं विचारतायत, वर्ग घ्या, इथेच घ्या. म्हणून काल शनिवारी मी तुझे तीन जिने चढले. कार्य नेहमीएवढंच, वेळ दुप्पट लागला. सतरंजी घातलेली होती. मधलं दार उघडंच होतं, मी ते लावायला गेले आणि लावलं नाही. आत पलंग नव्हता. मला वाटलं, ठीक आहे, आज तुझा गोंधळ निस्तरायचा. फळ्यावर लिहिलं, बल आणि ऊर्जा, फरक स्पष्ट करा. आणि विचारलं, कोण सांगणार?

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग कळव्याची मयूरी उभी राहिली. तीच ती, जिचे निबंध तू मला वाचून दाखवायचीस. ती आधी आतल्या खोलीकडे बघून मग माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, ऊर्जा म्हणजे राग आणि बल म्हणजे भांडण."

मी खडू खाली ठेवला. कुणी सांगितलं विचारलं. ती म्हणाली, "कुमुदबाईंनी. तुम्ही लग्नाला गेलेल्या ना, तेव्हा. राग एकट्याकडे असतो, भरून ठेवता येतो. भांडण एकट्याला करताच येत नाही. म्हणून ते समानार्थी नाहीत. शक्तीच्या यादीतले ते दोन्ही शब्द त्यांनी आम्हाला खोडायला लावले."

मी विचारलं, मग मला कुणी काहीच का बोललं नाही. ती खाली मान घालून म्हणाली, "बाई म्हणालेल्या, आत्ता नका सांगू. सरोजबाई शनिवारी येऊन विचारतील, तेव्हा सांगा. मी आतून ऐकते."

कुमुद, तुला काय म्हणावं? तू मान्य केलंस. इतक्या वर्षांचा हट्ट सोडलास, आपल्या हाताने केलेल्या यादीतले शब्द खोडायला लावलेस, आणि मला वगळून सगळ्या पोरांना सांगितलंस. फोनवर नुसतं म्हणायचं होतंस. दोन शब्द लागले असते. पण नाही, तुला माझा चेहरा पडलेला ऐकायचा होता, आतून, पलंगावर पडल्या पडल्या. सगळं जमवून आणलंस आणि शनिवारपर्यंत थांबली नाहीस. वेळेचं भान तुला शाळेतही नव्हतं, घंटा झाली तरी तुझी कविता संपायची नाही. या एका वेळी तरी घंटेपर्यंत थांबायचं होतंस.

मुलं वाट बघत होती. मयूरी अजून उभीच. बाई, बरोबर आहे का, तिने विचारलं. मी काय करणार, मी मास्तरीण आहे. मी म्हटलं, पूर्ण बरोबर नाही, यात थोडी चूक आहे. खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड करून सांगायला लागले की बल दोघांमध्ये असतं, त्यामुळे समोरची वस्तू नाहीशी झाली की बल तिथेच संपतं. ऊर्जा मात्र अशी संपत नाही. ती आपल्याकडे होती तेवढी राहतेच. एवढं बोलले आणि माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. मी फळ्याकडेच तोंड करून रडले, पोरांसमोर, आवाज करून. वसंतराव पाणी घेऊन आले. कुणीतरी पंखा वाढवला. तासाचं पार वाटोळं झालं.

घरी आल्यावरही मी तुझ्यावर चिडलेलीच आहे. आज सकाळी उठले तरी तशीच. फ्लेक्सवर, अळूच्या भाजीवर, तुझ्या त्या 'बरं'वर, सगळ्यावर. इतका राग आहे माझ्याकडे की शाळाभर पुरेल, आणि तो घेऊन जायचं कुणाकडे? वसंतरावांशी भांडता येत नाही, ते लगेच हो म्हणतात. मुलाला सांगितलं तर तो आराम कर म्हणतो. तुला ढकललं की तू तेवढंच मागे ढकलायचीस, म्हणून मी इतकी वर्षं ताठ उभी होते. ही गोष्ट तू असताना मी बोलले नाही, कारण तुला ती लगेच उदाहरण म्हणून वापरता आली असती.

तर कुमुद, तुझं उत्तर मी तपासलं आहे. प्रश्न पाच गुणांचा. फरक बरोबर सांगितलास, सोपा सांगितलास, आणि मला जे इतक्या वर्षांत पोरांच्या गळी उतरवता आलं नाही ते एका दुपारी उतरवलंस. पण ऊर्जा चहा उकळेपर्यंत निवत नाही, ती टिकून राहते, ही गोष्ट तू उत्तरात कुठेच लिहिलेली नाहीस. साडेचार देते. अर्धा गुण कापला आहे.

पटत नसेल तर भांडायला ये.